तीन प्लेट, एक आकडा

सकाळी 7.30. बेगमपुऱ्यातली खोली तिघींनी मिळून घेतलेली. एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीचं शेवटचं सत्र. त्यातली एक विद्यापीठात पायीच निघते. रिक्षाचे पैसे वाचले की झेरॉक्सला होतात.

8.15. आधी भांडी. जुन्या प्लेटमधले जिवाणू काल ऑटोक्लेव्हमध्ये मारलेत, आज काच घासायची. प्लास्टिकच्या प्लेट एकदा वापरून टाकाव्या लागतात, म्हणून काचेच्याच. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरने, तेही जपून.

9.30. माध्यम. अर्ध्या लिटरला 14 ग्रॅम न्यूट्रिएंट अगर. स्किम मिल्क वेगळ्या फ्लास्कमध्ये, सोडियम कार्बोनेट तिसऱ्यात. सगळं एकत्र तापवलं तर बिघडतं. सोडा हवाच, कारण तिचे जिवाणू लोणार सरोवरातले आणि त्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास. 2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. तो रंग हॅलोआर्कियाचा, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवलं. हिला मात्र प्रोटीन तोडणारं एन्झाइम हवंय. धुण्याच्या पावडरीत घालतात, त्या जातीचं.

"मामा, प्रेशर आलं का?" तिने लॅबच्या शिपायाला विचारलं.

"पंधरा पौंड झालं. आता घड्याळ लाव."

121 अंश, 15 मिनिटं. दूध तेवढं कमी आचेवर, नाहीतर करपतं.

11.45. लॅमिनार एअरफ्लोच्या कपाटात यूव्ही 20 मिनिटं. मग हाताला स्पिरिट, बर्नर पेटवायचा, फ्लास्क गालाला लावून ऊब बघायची. फार गरम असेल तर झाकणावर पाणी धरतं, गार झाला तर अगर फ्लास्कमध्येच थिजतं. माध्यम प्लेटमध्ये ओतून थिजलं की तारेची लूप लाल होईपर्यंत तापवायची, गार करायची, जिवाणूंची रेघ ओढायची. पुन्हा लूप. बोलायचं नाही. खांदे भरून येतात.

2.00. मेसचा डबा. वर्गातली एकजण वाळूजला औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला लागली, त्यावरच बोलणं. हिला पगार नाही, स्टायपेंडही नाही. मायक्रोपिपेटच्या टिप्सचं पाकीटही संपत आलंय.

3.15. परवाच्या प्लेट. एका वसाहतीभोवती दुधाळपणा विरून स्वच्छ कडं पडलंय. पट्टी लावली. 18 मिलिमीटर. ती उठून उभीच राहिली. मग कोरी ठेवलेली कंट्रोल प्लेट उजेडात धरली. एका कडेला वाढ.

प्रकल्पाच्या मॅडमनी दोन्ही पाहिल्या. "कडं छान आहे. पण कंट्रोल खराब झाली, हा आकडा धरायचा नाही. तीन प्लेट लाव, तिन्हींत आलं तर लिही."

तिने वहीत आकडा लिहिला, त्यावर एक रेघ मारली, शेजारी कारण लिहिलं. खाडाखोड नाही, पान फाडणं नाही. मला विचाराल तर पदवीतली सगळ्यात अवघड शिकवण ही आहे, आणि त्या शिकवणीला वेगळे गुण नाहीत.

6.30. औरंगपुऱ्यात बाइंडिंगवाल्याकडे प्रबंधाची चौकशी. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती.

"पानं किती?"

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली, आणि उद्यासाठी स्पिरिटची बाटली घ्यायला पुढे गेली.