कोरड्या बाटलीतले पातळ औषध

पोटात गेलेली गोळी आधी विरघळते, मगच आतड्यातून रक्तात उतरते. आतड्यात पाणी, आणि कित्येक औषधांचे पाण्याशी मुळीच जमत नाही. हळदीतले कर्क्युमिन त्यांपैकीच. कोल्हापुरी तांबड्या रश्शाचा रंग वरच्या कटात साठतो, कारण मिरची आणि हळद दोन्हींची रंगद्रव्ये तेलात मोकळी होतात.

पाणी चालत नसेल तर अल्कोहोल, प्रॉपिलीन ग्लायकॉल असे दुसरे द्रावक वापरायचे, हा जुना उपाय. पण द्रावकही शरीरात जातो. 1937 मध्ये अमेरिकेत डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेल्या सल्फानिलामाइडने शंभरावर माणसे दगावली. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्णांचा जीव घेतला. औषधाइतकीच कसून तपासणी द्रावकाचीही व्हायलाच हवी.

नवा मार्ग समजायला घरची अमृतधारा पुरे. काष्ठौषधींच्या दुकानातून कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल आणून कोरड्या बाटलीत एकत्र केले, की थेंबभर पाणी न घालता खडे ओलसर होतात आणि बघता बघता सगळे पातळ होते. एरवी पुदिन्याचे फूल वितळायला सुमारे 42 अंश सेल्सिअस लागतात, ओव्याच्या फुलाला 50, कापराला तर 175 च्या आसपास. एकत्र आल्यावर त्यांचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात, स्फटिकांची घडी मोडते आणि वितळणबिंदू खाली घसरतो.

कातडी बधिर करणाऱ्या एका मलमात हीच युक्ती आहे. लायडोकेन 68 अंशांना वितळते, प्रिलोकेन 38 ला. समभाग मिश्रण मात्र 18 लाच. तिथे औषधच द्रव होते, वेगळा द्रावक लागत नाही. 2003 मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू अ‍ॅबट यांच्या गटाने कोलीन क्लोराइड आणि दुप्पट रेणू युरिया मिसळून 12 अंशांना वितळणारे मिश्रण दाखवले. पुढे साखर, सायट्रिक आम्ल अशा ओळखीच्या पदार्थांचीही तशी मिश्रणे झाली. कर्क्युमिन त्यांत पाण्याच्या कितीतरी पट विरघळते.

अडचण पोटात येते. तिथले पाणी मिसळले की बंध तुटतात आणि विरघळलेले औषध पुन्हा गाळासारखे खाली बसू शकते. म्हणून ते धरून ठेवणारे बहुवारिक सोबत घालतात. मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत विलास गायकर आणि सहकाऱ्यांनी मात्र याच स्वभावाचा उपयोग करून घेतला: हायड्रोट्रोप नावाच्या क्षारांच्या दाट द्रावणात हळदीतले कर्क्युमिन उतरवायचे, मग पाणी वाढवायचे, की ते आपोआप वेगळे होते.