बोली हा आजार नव्हे

गेल्या पावसाळ्यात सावद्यातील माझ्या दवाखान्यात एक आई-वडील आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. शाळेतील वक्तृत्व स्पर्धेत ती 'केळी'ऐवजी 'केयी' म्हणाली आणि सारे हसले. "डॉक्टरसाहेब, जीभ चिकटलेली असेल, तर कापून मोकळी करावी का?" असा वडिलांचा प्रश्न होता.

मी तपासले. जीभ ओठांबाहेर सहज येत होती, टाळूलाही लागत होती. 'ळ' उच्चारताना जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावावे लागते. आपल्या घरगुती बोलीत त्या जागी अनेकदा 'य' येतो. ही सवय आहे, व्यंग नव्हे. याच बोलीत कविता रचणाऱ्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. प्रमाण भाषेतील 'ळ' सरावाने येतो. त्यासाठी घरच्या बोलीची लाज वाटण्याचे कारण नाही.

मुलीचा खरा त्रास निराळाच होता. तिचा आवाज बसला होता. "मोठ्याने बोल" असे सर्वांनी सांगितल्यामुळे ती आठवडाभर ओरडून सराव करीत होती. ओरडताना स्वरतंतू एकमेकांवर जोराने आदळतात, सुजतात. हेच दीर्घकाळ चालले तर त्यांवर गाठीही येतात. स्पष्टपणा मोठ्या आवाजात नसतो. तो श्वासात, विरामात आणि शब्दाचे शेवटचे अक्षर न गिळण्यात असतो.

आपणही घरी हे करून पाहा. पोटावर हात ठेवून नाकाने श्वास घ्या. पोट पुढे आले पाहिजे. मग सावकाश श्वास सोडत एक वाक्य म्हणा. वाक्य संपले की थांबा, पुन्हा श्वास घ्या. भाषणापूर्वी थोडेथोडे पाणी प्या. आवाज बसला असता कुजबुजू नका, त्यानेही ताण पडतो. शक्य तितके मौन पाळा.

मात्र घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर घशाच्या तज्ज्ञांना दाखवा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर मुळीच चालढकल करू नये. श्वास घेण्यास त्रास होत असेल किंवा थुंकीतून रक्त येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

त्या मुलीला मी आठ दिवसांची विश्रांती आणि श्वासाचा सराव सांगितला. पुढे शाळेच्या कार्यक्रमात ती पुन्हा उभी राहिली. एका ठिकाणी 'केयी' निघालेच. ती थांबली, श्वास घेतला आणि पुढे बोलत राहिली. शेवटच्या रांगेत बसलेल्या मला तिचा प्रत्येक शब्द ऐकू आला.