गाडी किती पळाली?

नांदेड ते लातूर, लोहा-अहमदपूर-चाकूर मार्गे, जाऊन-येऊन सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. औषध कंपनीचा एमआर असो, बियाण्यांचा सेल्समन असो की दोन्ही शहरांतल्या क्लासेसवर शिकवणारे सर असोत, आठवड्यातून दोनदा ही फेरी केली तरी वर्षाला या एकाच रस्त्यावर २८ हजार किलोमीटर होतात. त्यात गावाकडच्या चकरा, लग्नसराई, दवाखाना धरा. आकडा चाळीस हजाराला टेकतो. आणि पृथ्वीचा घेर किती? विषुववृत्तावर ४०,०७५ किलोमीटर! मराठवाडा न सोडता हा माणूस दरवर्षी पृथ्वीप्रदक्षिणा घालतोय. दहा वर्षं असंच चाललं तर चंद्रही गाठून होईल. तो सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे.

अशा माणसाच्या हातात समजा चार लाख रुपये आहेत आणि त्याला जुनी गाडी घ्यायची आहे. बाजारात त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "गाडी किती पळाली?" चाळीस हजार म्हटलं की डोळे चमकतात. एक लाख दहा हजार म्हटलं की तो पुढच्या गाडीकडे वळतो. मी त्याचा हात धरून म्हणेन, जरा थांबा. या आकड्यामागे काय दडलंय ते कळलं, तर कदाचित ती एक लाख दहा हजारवालीच तुम्हाला तरुण वाटेल.

अंतर मोजायची हौस माणसाला फार जुनी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हिअस याने एका गाडीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. चाकाला जोडलेलं दातेरी चक्र, त्याला दुसरं, त्याला तिसरं. आणि दर मैलाला एक गोल खडा सुटून काशाच्या भांड्यात ठण्णकन पडायचा. मुक्कामाला पोचलं की खडे मोजायचे! आज तुमच्या डॅशबोर्डवर दिसतात ते हेच खडे, फक्त आता ते एका चिमुकल्या चिपमध्ये पडतात. भांड्यातले खडे उचलून फेकता येतील, तसा चिपमधला आकडाही मागे नेता येतो. बाजारात त्याला मीटर फिरवणं म्हणतात.

पण मीटर अगदी प्रामाणिक असलं तरी ते मोजतं काय? चाकाची फिरकी. झिजतं ते मुख्यतः इंजिन, आणि इंजिनाचे खडे वेगळेच असतात.

थोडा ढोबळ हिशोब करू या. पाचव्या गिअरमध्ये ८० च्या वेगाने निवांत पळणाऱ्या छोट्या डिझेल गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण २,००० फेरे घेतं. या वेगाला एक किलोमीटर ४५ सेकंदांत संपतो, म्हणजे किलोमीटरमागे १,५०० फेरे. आता तीच गाडी पुण्याच्या गर्दीत घाला. सिग्नल, पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा सिग्नल. सरासरी वेग २०, इंजिनाचे फेरे सरासरी १,५००. एक किलोमीटरला तीन मिनिटं लागतात, म्हणजे ४,५०० फेरे. तिप्पट!

हायवेवर एक लाख किलोमीटर पळालेल्या इंजिनाने १५ कोटी फेरे घेतले. शहरात चाळीस हजार पळालेल्याने १८ कोटी. म्हणजे कमी पळालेली गाडी आतून जास्त फिरलेली आहे. क्लच आणि ब्रेक किती वेळा दाबले गेले, ते तर मी मोजायलाही बसत नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. पंधरा कोटी वेळा फिरूनही लोखंड झिजून भुगा कसं होत नाही?

याचं उत्तर एका बुचाने दिलं. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये ब्यूचँप टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला सोय म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरायला लागला आणि तेल आत जायचं सोडून त्याच भोकातून वर यायला लागलं. त्यांनी बूच ठोकलं. बूच बाहेर! लाकडी खुंटी ठोकली, तर तीही हळूहळू वर ढकलली गेली. कोण ढकलत होतं? तेलच. फिरणारा आस आपल्याबरोबर तेलाला ओढत अरुंद फटीत कोंबतो, कोंबलेल्या तेलात प्रचंड दाब तयार होतो आणि तो दाब त्या आसालाच उचलून धरतो. पावसात रस्त्यावर साचलेल्या पाण्यावरून भरधाव गाडी क्षणभर तरंगते ना, अगदी तसंच. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं आणि ते आजही चालतं.

तुमच्या गाडीचा क्रँकशाफ्टसुद्धा असाच तेलावर तरंगत फिरतो. मधली तेलाची साय काही मायक्रॉनची, आपल्या केसाच्या जाडीचा छोटासा अंश. पण ती असेपर्यंत लोखंडाला लोखंड जवळजवळ शिवतच नाही! अहमदपूरच्या चढावर गाडी दम धरून चढत असते तेव्हा आतले जड भाग एकमेकांना न टेकता गरगरत असतात. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बॉनेट उघडून बघत बसावंसं वाटलं होतं.

मग झीज होते कधी? बरीचशी तेव्हा, जेव्हा साय नसते. रात्रभर उभ्या गाडीतलं तेल खाली उतरलेलं असतं. सकाळी चावी फिरवली की पहिला क्षणभर धातूवर धातू घासतो. नांदेड-लातूर करणारी गाडी दिवसातून एकदा थंड इंजिनावर सुरू होते आणि १४० किलोमीटर पळते. भाजी, शाळा, दुकान करणारी गाडी दिवसातून सहा वेळा सुरू होते आणि दरवेळी तीन किलोमीटर जाऊन बंद होते.

त्यात पाण्याची भर. पाणी कुठलं, विचाराल. एक लिटर पेट्रोल किंवा डिझेल जाळलं की धुरातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं! इंधनातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि वाफ बाहेर पडते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच लातूरच्या रस्त्यांवर प्रत्येक गाडी आपल्या टाकीइतकं पाणी गुपचूप हवेत सोडत होती. लांब पळणाऱ्या गाडीत सायलेन्सर तापतो आणि ही वाफ उडून जाते. तीन किलोमीटरवाल्या गाडीत ती आतच निवून पाणी होते, थोडी ऑईलमध्ये उतरते, सायलेन्सरला आतून गंज लावते.

तेव्हा शोधायची ती हायवेवर वाढलेली गाडी. ओळखायची कशी? गाडी स्वतःच सांगते. हायवेच्या गाडीच्या बॉनेटच्या पुढच्या कडेला उडालेल्या खड्यांचे बारीक टवके असतात, समोरच्या काचेवर उन्हात पाहिलं तर सुईने टोचल्यासारखे ठिपके दिसतात. पण क्लचच्या पेडलचं रबर अजून दाणेदार असतं. शहरी गाडीचे बंपरचे कोपरे घासलेले आणि पेडल गुळगुळीत.

मीटर फिरवलंय का, याची साक्ष टायर देतं. टायरच्या कडेला चार आकड्यांचा एक छाप असतो. ३५१९ असेल तर ते टायर २०१९ च्या ३५ व्या आठवड्यात बनलं. आता विचार करा: गाडी २०१७ ची, मीटरवर ३८ हजार, आणि चारही टायर २०२३ चे. टायरचा एक संच साधारण चाळीस-पन्नास हजार तरी टिकतो. मग पहिले टायर गेले कुठे? विचारा, आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहा. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जात असेल तर प्रत्येक सर्व्हिसचं रनिंग तिथल्या संगणकात नोंदलेलं असतं. मालकाला बरोबर घेऊन ते काढून घ्या. काचांवरही सालाचे छाप असतात. एकाच काचेचं साल वेगळं दिसलं, तर ती का बदलली हा पुढचा प्रश्न.

आता इंधन. दर बदलत राहतात, म्हणून समजा पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये. पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज १७, डिझेलचं २२. वर्षाला ३० हजार किलोमीटरला पेट्रोलचा खर्च सुमारे १ लाख ८५ हजार, डिझेलचा सुमारे १ लाख २५ हजार. वर्षाला साठ हजारांचा फरक! पण रनिंग आठच हजार असेल तर फरक सोळा हजारांचा, आणि डिझेलचा एखादा इंजेक्टर गेला की तो सगळा वसूल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वर्षाला बारा-पंधरा हजारांच्या आत असाल तर पेट्रोल घ्या, पंचवीस हजारांच्या वर असाल तर डिझेल. सीएनजी त्याहून स्वस्त पडेल, पण तुमच्याच रोजच्या वाटेवर पंप हवा, आणि जुन्या गाडीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांची तपासणी झालेली हवी. आत २०० बारचा दाब असतो, तिथे चालढकल नको.

डिझेल म्हटलं की एका इंजिनाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट. मारुतीसाठी ते हरियाणात मानेसरला बनायचं आणि फियाट-टाटांसाठी आपल्या पुणे जिल्ह्यात, रांजणगावला. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, पुंटो, लिनिआ, व्हिस्टा, झेस्ट. बाहेरून सगळ्या वेगळ्या, पोटात काळीज एकच! गाडीवेडे लोक त्याला कौतुकाने भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणत.

त्याच्या आत काय चालतं? डिझेलला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवेला दाबून जवळपास सतराव्या हिश्श्यात कोंबतो, हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेट घेतो. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, तीच किमया. हा फवारा १,६०० बारपर्यंतच्या दाबाने येतो. तुमच्या टायरमधल्या हवेच्या सातशेपट! आणि तो एकदम येत नाही. एकाच ठोक्यात त्याचे पाचपर्यंत तुकडे पडू शकतात, आधी चिमूटभर, मग मुख्य घास, मग पुन्हा चिमूटभर, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत कितीतरी वेळा. म्हणूनच डिझेलमधला पाण्याचा थेंब किंवा कचरा या यंत्राचा वैरी आहे. डिझेल फिल्टर वेळेवर बदलल्याची पावती असेल तर ती पावती मला गाडीच्या चकाकीपेक्षा मोलाची वाटते.

१ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि हे इंजिन थांबलं. मारुतीने डिझेलच सोडलं. पण इतकी वर्षं इतक्या गाड्यांत ते बसल्यामुळे लोह्या-चाकूरच्या मिस्त्रीलाही ते तोंडपाठ आहे आणि सुटे भाग नांदेडच्या दुकानात मिळतात. वर्षाला चाळीस हजार पळणाऱ्याला गाडी बंद पडून दोन दिवस गमावणं परवडत नाही; त्याच्यासाठी ही केवढी श्रीमंती! बजेट चार लाखांचं असेल तर २०१६ ते २०१९ मधली, सिंगल ओनर, पावत्यांसकट असलेली अशी एखादी गाडी मी पाहीन, आणि त्यातले चाळीस-पन्नास हजार रुपये पहिल्या कामासाठी बाजूला ठेवीन.

ते काम बहुधा खालच्या बाजूला निघेल, आणि त्याचं कारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हाच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यातून दख्खनचा काळा पाषाण बनला, पाषाण झिजून आपली काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. तिच्यावरचा रस्ता दरवर्षी खालून श्वास घेतो. म्हणून कालचा गुळगुळीत डांबरी रस्ता आज लाटांसारखा होतो. त्या लाटा शॉक ॲब्सॉर्बर, बुश आणि लिंक रॉड गिळतात. खराब रस्त्यावर काचा खाली करून हळू चालवा आणि खटखट ऐका. या मातीची धूळ इंजिनात गेली तर तेलाची ती नाजूक साय खरवडते, म्हणून एअर फिल्टरचा डबाही उघडून आत बोट फिरवा.

एक धोका मात्र आपल्या कोरड्या हवेत चटकन सुचत नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, आणि २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यानेही पूर पाहिला. पुरात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून कुठेही विकली जाऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहून जाते.

कागदांचं थोडक्यात. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की कितवा मालक, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे दिसतं. बोजा उतरवायला फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०. तेलंगणा किंवा कर्नाटक पासिंगची गाडी हद्दीपलीकडे स्वस्त दिसते. एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरूनच भाव करा. दिल्लीच्या जुन्या डिझेल गाड्यांचंही तेच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचे आदेश २०१५ पासून येत राहिले, म्हणून त्या स्वस्त निघतात.

मालकाला आदल्या रात्री सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सकाळी सहाला पोचा. आधी बॉनेटवर तळहात ठेवा. ते रात्रीच्या हवेइतकंच गार हवं. मग चावी एक टप्पा फिरवा. ऑईलचा लाल दिवा लागेल. आता स्टार्ट करा आणि श्वास रोखून फक्त त्या दिव्याकडे पाहा. एक क्षण, दोन क्षण. तेल वर चढतंय, आस उचलला जातोय, टॉवरसाहेबांचं बूच बाहेर निघतंय. दिवा विझला. आता मागे जा आणि सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराचा रंग पाहा.