पिकअपमध्ये सबवूफर बसवायचाय? मग दुकानात जाण्याआधी मेजरटेप घेऊन गाडीत बसा

सिग्नलला शेजारी एक गाडी येऊन थांबते. काचा बंद असतात. आतलं गाणं कोणतं आहे ते कळत नाही, पण धप्प धप्प आवाजानं आपल्या गाडीचा आरसा थरथरायला लागतो. हे काम असतं सबवूफरचं.

सेडान किंवा एसयूव्हीवाल्यांचं सोपं आहे. डिकी उघडली, बॉक्स ठेवला, वायर जोडली, विषय संपला. पण पिकअपवाल्यांचं काय? 2016 मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स आली आणि डबल कॅब पिकअप हौसेनं घेणारी मंडळी आपल्याकडेही दिसायला लागली. या गाड्यांना मागे भलामोठा हौदा असतो, पण आवाज हवा असतो केबिनमध्ये. हौद्यात वूफर ठेवला तर बेस गावाला मिळतो, ड्रायव्हरला नाही. शिवाय पाऊस, धूळ आणि चोरी आहेच. म्हणजे उरते ती मागच्या सीटखालची आणि सीटमागची चिंचोळी जागा.

तेवढ्या जागेत चांगला बेस मिळतो का? तर हो, मिळतो. फक्त बरेच जण प्लॅनिंग उलट्या बाजूनं करतात. आधी 12 इंची वूफर घेतात, मग त्याला जागा शोधतात. खरा क्रम कसा असतो आणि त्यामागचं विज्ञान काय, ते समजून घेऊ.

दारातल्या स्पीकरला बेस का जमत नाही?

माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यातला तळाचा भाग, म्हणजे अंदाजे 20 ते 80 हर्ट्झ, हा सबवूफरचा इलाका. ढोलाचा ठोका, बेस गिटारच्या खालच्या नोट्स, इलेक्ट्रॉनिक गाण्यातला 'ड्रॉप' इथं असतो.

अडचण अशी की आवाज जितका खालचा, तितकी जास्त हवा ढकलावी लागते. 80 हर्ट्झचा आवाज जेवढा मोठा येतो तेवढाच मोठा आवाज 40 हर्ट्झला हवा असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढंमागं हलावं लागतं. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरची तेवढी हालचालच होत नाही. आवाज वाढवला की तो फाटतो.

पण छोट्या केबिनचा एक मोठा फायदाही आहे. 40 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण साडेआठ मीटर भरते आणि आपली केबिन जेमतेम दोन मीटरची असते. एवढ्या जागेत ती लहर मोकळी पसरत नाही. पंपानं हवा भरावी तशी पूर्ण केबिनमधली हवा एकदम दाबली जाते आणि सैल होते. त्यामुळं साधारण 80-90 हर्ट्झच्या खाली आवाजाला आपोआप बळ मिळतं. याला 'केबिन गेन' म्हणतात. घरातल्या हॉलमध्ये जो वूफर फुसका वाटतो, तोच पिकअपमध्ये दणका देतो, तो यामुळं.

तीन गोष्टी हव्यात, मिळणार दोनच

स्पीकरच्या दुनियेत 'हॉफमनचा लोखंडी नियम' प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जे. अँटन हॉफमन यांच्या नावानं तो ओळखला जातो. नियम साधा आहे. खोलवर जाणारा बेस, कमी वॉटमध्ये मोठा आवाज आणि छोटा बॉक्स या तीनपैकी कोणत्याही दोन गोष्टी निवडा, तिसरीवर पाणी सोडा.

पिकअपमध्ये निवड तुमच्या हातात फारशी राहतच नाही. बॉक्स छोटा असणार हे गाडीनंच ठरवून टाकलंय. म्हणजे खोल बेस हवा असेल तर वॉट जास्त लागणार, आणि वॉट जास्त म्हणजे बॅटरी आणि वायरिंगवर ताण. ही साखळी लक्षात ठेवली की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

आधी लिटर काढा, मग इंच बघा

वूफरसोबत येणाऱ्या कागदावर त्याला किती लिटरचा किंवा किती घनफुटांचा बॉक्स लागतो ते लिहिलेलं असतं. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर. आता तुमच्या सीटमागे लांबी 100 सेंमी, उंची 35 सेंमी आणि खोली सरासरी 15 सेंमी जागा आहे असं धरू. बाहेरून गुणाकार केला तर 52.5 लिटर येतात. वाटतं, भरपूर झालं.

पण बॉक्स 18 मिमी जाडीच्या प्लायचा बनणार. दोन्ही बाजूंनी मिळून प्रत्येक मापातून 3.6 सेंमी वजा करा. आत उरतं 96.4 गुणिले 31.4 गुणिले 11.4, म्हणजे साधारण 34.5 लिटर. एक तृतीयांश जागा नुसत्या लाकडानं खाल्ली! त्यातून वूफरचं स्वतःचं आकारमान आणि आतले आधाराचे तुकडे वजा केले की हातात 32 लिटरच्या आसपास राहतात. हा आकडा घेऊन दुकानात जायचं.

दुसरं माप 'माउंटिंग डेप्थ'चं, म्हणजे वूफरचा किती भाग बॉक्सच्या आत जातो त्याचं. वरच्या उदाहरणात आतली खोली 11.4 सेंमीच आहे. नेहमीच्या 10 इंची वूफरला बहुतेक वेळा 13-15 सेंमी लागतात, म्हणजे तो बसणारच नाही. अशा जागांसाठी 'शॅलो' किंवा 'स्लिम' प्रकारचे वूफर येतात. मागच्या चुंबकाला हवा खेळायला दोनेक सेंमी जागा सोडायची आणि समोर सीटची पाठ पडद्याला घासणार नाही हेही बघायचं.

मापं घेताना आणखी तीन गोष्टी तपासा. पहिली, जॅक आणि पाने. अनेक पिकअपमध्ये ते मागच्या सीटखाली किंवा सीटमागे असतात, ते सहज निघायला हवेत. दुसरी, केबिनच्या मागच्या भिंतीतली हवा बाहेर जायची जाळी. ती झाकली गेली तर दार लावताना हवा अडते. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, सीटची कडी. बॉक्समुळं सीटची पाठ नीट लॉक होत नसेल तर ते डिझाइन तिथंच रद्द करा. ब्रेक लागला की सीट आणि बॉक्स दोन्ही पुढं येतात.

सीलबंद की पोर्टवाला?

बॉक्स मुख्यतः दोन प्रकारचे. सीलबंद बॉक्समध्ये अडकलेली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला आवरून धरते. आवाज नेटका येतो, ठोका लागला आणि थांबला असा. जागाही कमी लागते. पोर्टवाल्या बॉक्सला एक भोक किंवा नळी असते. तिच्यातली हवाही सुरात हलते, त्यामुळं त्याच वॉटमध्ये ठराविक सुरांपाशी आवाज मोठा येतो. पण बॉक्स बराच मोठा लागतो, नळीचं माप चुकून चालत नाही आणि ज्या सुराला बॉक्स बांधलाय त्याच्या खाली पडद्यावरचा लगाम सुटतो. अँपमध्ये सबसॉनिक फिल्टर लावला नाही, तर वूफर इथंच फाटतो.

कोणत्या वूफरला कोणता बॉक्स चालेल याचं गणित नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोन अभियंत्यांनी 1960-70 च्या दशकांत मांडलं. आजही वूफरच्या कागदावर 'थील-स्मॉल पॅरामीटर्स' म्हणून जे आकडे असतात ते त्यांच्याच नावाचे. ते टाकून बॉक्सचा आलेख काढून देणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. पिकअपसाठी सर्वसाधारण उत्तर मात्र सीलबंद बॉक्स हेच आहे. जागा वाचते आणि खोल बेसची उणीव केबिन गेन बरीचशी भरून काढतो.

एक 10 इंची घ्यावा की दोन 8 इंची? पडद्याचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं. 10 चा वर्ग 100. 8 चा वर्ग 64, दोन मिळून 128. म्हणजे दोन आठ इंची वूफर एका दहा इंचीपेक्षा जास्त हवा धरतात, आणि लांबट जागेत आडवे छान बसतात. फक्त दोघांना लागणारे लिटर पुरतायत का ते बघा.

लाकडाबाबत एक सल्ला. एमडीएफ स्वस्त आणि घट्ट असतो, पण पाणी लागलं की फुगतो. कोकण, गोवा किंवा मुंबईचा पावसाळा आणि ओल्या चपलांचं पाणी लक्षात घेता मरीन प्लाय बरा. वजनाचाही विचार करा. वरच्या मापाचा एमडीएफचा बॉक्स वूफरशिवायच 14 किलोच्या आसपास जातो. तो चौकटीला बोल्टनं आवळलेलाच हवा.

गाडी पेटते ती आवाजानं नाही, वायरीनं

खोक्यावर मोठ्या अक्षरात '1500 वॉट मॅक्स' लिहिलेलं असतं. तो आकडा विसरा. 'आरएमएस' लिहिलेला आकडा खरा, कारण वूफर तेवढी ताकद सलग झेलू शकतो. अँपचा आणि वूफरचा आरएमएस जुळला पाहिजे आणि ओहमही. दोन कॉइल असलेला 4-4 ओहमचा वूफर समांतर जोडला तर 2 ओहम होतो, एकामागे एक जोडला तर 8 ओहम. अँपला किती ओहमपर्यंत चालतं हे न बघता जोडलं की अँप तापून बंद पडतो.

समजा 500 वॉट आरएमएसचा क्लास-डी अँप घेतला. तो 80 टक्के कार्यक्षम धरला तरी फुल आवाजाला गाडीकडून 625 वॉट ओढतो. घरात 230 व्होल्टवर याला पावणेतीन अँपिअर पुरतात. गाडीत इंजिन चालू असताना व्होल्टेज असतं 13.8 च्या आसपास. म्हणून तिथं लागतात तब्बल 45 अँपिअर! यासाठीच वायर बोटाएवढी जाड हवी. बॅटरीपासून सीटमागे पाच मीटर अंतर धरलं तर 4 गेजची, म्हणजे 21 चौरस मिमीची, शुद्ध तांब्याची वायर ठीक. बाजारात स्वस्त मिळणारी 'सीसीए' वायर आतून अॅल्युमिनियमची असते, वर नुसता तांब्याचा मुलामा. ती घ्यायचीच असेल तर आणखी जाड घ्यावी लागते.

आता फ्यूज. यात तडजोड नको. इंजिनकडून केबिनमध्ये येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते. तिथं रबरी ग्रोमेट नसेल तर हादऱ्यांनी वरचं आवरण घासलं जातं. तांबं पत्र्याला टेकलं की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि क्षणात वायर लालबुंद होते. अँपच्या अंगावरचा फ्यूज इथं काही करू शकत नाही, कारण शॉर्ट त्याच्या आधीच झालेला असतो. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीजवळ, साधारण 45 सेंमीच्या आत बसवायचा. तो अँपच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आणि वायरीला झेपेल तेवढ्याच क्षमतेचा हवा. काम झाल्यावर वायरमनला विचारायचा पहिला प्रश्न हाच: "दादा, बॅटरीपाशी फ्यूज कुठाय, दाखवा बरं."

वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो?

नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलनं वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यामुळं 500 वरून 1000 वॉटला उडी मारण्याआधी तेच पैसे मागचा पत्रा आणि प्लास्टिकचे पॅनल यांना ब्युटाइल शीट लावण्यात घाला. खडखड थांबली की बेस आपोआप स्वच्छ वाटतो. आणि अँपवरचा 'गेन' म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे. तो स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवण्यासाठी असतो. फुल फिरवला की सिग्नलची टोकं कापली जातात आणि वूफरची कॉइल जळते.

कंपनीचा स्टिरिओ ठेवायचा असेल तर 'हाय-लेव्हल इनपुट' असलेला अँप घ्या. मूळ वायरिंग कमीत कमी कापावं लागतं. मूळ वायरिंगशी छेडछाड दिसली तर त्या बिघाडाची वॉरंटी कंपनी नाकारू शकते. विमा कंपनीलाही बसवलेल्या सिस्टिमची किंमत कळवून पॉलिसीत नोंदवा. जागेसाठी मागची सीट काढून टाकायचा विचार असेल तर थांबा. आरसीवर नोंद असलेल्या आसनांमध्ये परवानगीशिवाय बदल करता येत नाही.

राहता राहिला कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला 80 डेसिबलचा आवाज 40 तासांपर्यंत सुरक्षित मानता येतो. त्यापुढं दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. कानात शिट्टी वाजत गाडीतून उतरलात, तर मर्यादा ओलांडलीय असं समजा.

थोडक्यात प्लॅन

1. जागा मोजा, प्लायची जाडी वजा करून लिटर काढा.
2. त्या लिटरमध्ये आणि खोलीत बसणारा वूफर निवडा.
3. वूफरचा आरएमएस आणि ओहम बघून अँप घ्या.
4. अँपच्या करंटवरून वायर आणि फ्यूज ठरवा.
5. आधी पुठ्ठ्याचा बॉक्स बनवून सीटमागे ठेवून बघा. सीट लॉक होते का, जॅक निघतो का, ते तपासा.
6. हे सगळं जुळलं की मगच सुताराला माप द्या.

पुठ्ठा रद्दीच्या दुकानात मिळतो, चुकला तर दुसरा कापता येतो. कापलेला प्लाय आणि बिल फाडलेला वूफर परत घेणारा दुकानदार सापडणं मात्र अवघड.