अठ्ठाविसाव्या दिवसाआधी

एक साधे गणित फळ्यावर मांडून पाहू. एका स्त्रीची पाळी १ जूनला आली. तिचे चक्र अठ्ठावीस दिवसांचे धरले, तर १५ जूनच्या सुमारास बीजांड बाहेर पडेल. त्याच दिवशी गर्भधारणा झाली असे समजू. पुढची पाळी २९ जूनला यायला हवी. ती येत नाही. पण चार-आठ दिवस पुढेमागे व्हायचेच, असे म्हणून ती थांबते. पेरणीचे दिवस असतात. जुलै निम्मा सरतो. मग घरात कोणाच्या तरी कानावर घालणे, उपकेंद्रात जाऊन लघवीची तपासणी, नोंदणी, कार्ड. ऑगस्ट उजाडतो, आणि आरोग्यसेविका तिच्या हातात फॉलिक आम्लाच्या गोळ्या ठेवते. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली म्हणजे सगळे वेळेवर झाले, असेच आपण म्हणू.

आता त्याच रेषेवर आणखी एक खूण करा : १३ जुलै, म्हणजे गर्भधारणेपासून अठ्ठाविसावा दिवस. या दिवसापर्यंत बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया घालून झालेला असतो.

हे कसे घडते ते कागदाच्या पट्टीने दाखवता येईल. तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडील बाजूला पेशींची एक सपाट पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मध्ये पन्हळ पडते, आणि कडा एकमेकींना भिडून नळी बनते. हीच मज्जानलिका. शिवण पहिल्यांदा मानेच्या भागात पडते आणि तेथून वर व खाली सरकत जाते. वरचे तोंड साधारण पंचविसाव्या दिवशी मिटते, खालचे अठ्ठाविसाव्या. गर्भ तेव्हा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा असतो. वरचे तोंड उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी नीट बनतच नाहीत; असे मूल जगत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर कणा दुभंगलेला राहतो. यालाच डॉक्टर स्पायना बायफिडा म्हणतात. यातली पुष्कळ मुले जगतात, पण पायांत बळ नसते, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, अनेकांच्या डोक्यात पाणी साठते. नलिका मिटायची वेळ टळून गेली, की कोणतीही गोळी ती मिटवू शकत नाही.

फॉलिक आम्लाचा याच्याशी संबंध काय? पेशीचे विभाजन व्हायचे तर तिच्या डी.एन.ए.ची नक्कल व्हावी लागते, आणि डी.एन.ए.चे घटक तयार करायला हे जीवनसत्त्व लागते. जिथे पेशी झपाट्याने वाढतात तिथे त्याची टंचाई आधी जाणवते : रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेत, आणि गर्भात. त्याच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर येथे आली आणि गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. यीस्टच्या अर्कापासून केलेले मार्माइट हे स्वस्त खाद्य दिले की या स्त्रिया बऱ्या होतात, असे तिला आढळले. १९३१ साली तिने ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे आजचे फॉलिक आम्ल. पुढे अमेरिकेत ते प्रयोगशाळेत बनवले गेले, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली.

मज्जानलिकेशी त्याचे नाते मात्र १९९१ मध्ये पक्के झाले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांत एक चाचणी घेतली. आधीच्या खेपेला असे मूल झालेल्या स्त्रियांना गर्भ राहण्यापूर्वीपासून गोळ्या दिल्या. काहींना फॉलिक आम्ल असलेल्या, काहींना नसलेल्या. बाराशेच्या आसपास गर्भारपणांचा निकाल हाती आला तेव्हा दोष असलेले २७ गर्भ आढळले : फॉलिक आम्ल घेणाऱ्यांत ६, न घेणाऱ्यांत २१. धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. यापुढे कोणाला गोळी न देणे योग्य नव्हे, म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली.

त्या ६ जणींकडेही पाहायला हवे. त्यांना फॉलिक आम्ल दिले होते, तरी दोष राहिलाच. आनुवंशिकता आणि इतर कारणेही असतात. असे मूल जन्मले की आपल्याकडे पहिला प्रश्न आईलाच विचारतात : ग्रहण पाळले नाहीस का? ग्रहणाचा येथे काहीही संबंध नाही, आणि आईने गोळी घेतली नसेल तर तिला ती वेळेवर कोणी सांगितली होती, हा प्रश्न आधी विचारावा.

गर्भधारणेपूर्वीचा सल्ला म्हणतात तो एवढ्यासाठी. त्यात फॉलिक आम्ल एकटे नाही. मधुमेह असेल तर साखर गर्भ राहण्याआधी आटोक्यात हवी, कारण बाळाचे हृदयही याच आठवड्यांत घडते. फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट हे औषध मज्जानलिकेला धोक्याचे आहे. पण ते आपल्या मनाने बंद करणे त्याहून धोक्याचे, म्हणून डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्यायचे. रुबेलाची लस गरोदरपणात देता येत नाही, आधीच द्यावी लागते; २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या शाळांच्या पडव्यांत रांगा लावून जे गोवर-रुबेला लसीकरण झाले, त्यामागे हेही कारण होते. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी लग्नाआधीच व्हावी. शिवाय मिश्री आणि तंबाखू. मिश्रीला बायका व्यसन मानत नाहीत, म्हणून तिच्याविषयी नाव घेऊनच विचारावे लागते. नवऱ्याच्या तंबाखूविषयीही.

शाळेत दर आठवड्याला ज्या निळ्या गोळ्या तुम्ही वाटता, त्यांत लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. त्या रक्तक्षयासाठी आहेत, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, हे पाहता त्या हव्यातच. पण मज्जानलिकेसाठी ४०० मायक्रोग्रॅम रोज लागते, तेही गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. आठवड्याच्या गोळीने ते काम भागत नाही. अकरावी-बारावीच्या वर्गात हा फरक सांगायला संकोच नसावा. यातल्या काही मुली दोन-तीन वर्षांत सासरी असतील. मुलांनाही त्याच तासाला बसवावे.

आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने काय करावे? नवे खाते उघडायला नको. प्रत्येक आरोग्यसेविकेकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असते : कोणाचे लग्न कधी झाले, मुले किती, कोणते साधन वापरतात. कुटुंबनियोजनासाठी ती गेली कित्येक वर्षे भरली जाते, आणि ती घेऊन सेविका विचारते, ‘इतक्यात मूल नको ना?’ ज्या घरातून ‘नको’ असे उत्तर येते तिथे ती साधने देते. ज्या घरातून ‘हवे आहे’ असे उत्तर येते, तिथे आजवर ती वही मिटून पुढच्या घरी जायची. त्याच उंबऱ्यावर तिने आणखी पाच मिनिटे थांबायचे आहे : हिमोग्लोबिन कधी तपासले, घरात कोणाला साखर आहे का, रोजची काही औषधे चालू आहेत का, आधीच्या बाळंतपणात काय झाले होते. आणि पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून आजपासूनच सुरू करायला सांगायचे.