आनुवंशिक, परंतु जन्मजात नव्हे : मोठ्या कुत्र्यांतील खुब्याचा विकार

पशुवैद्यकात ‘हिप डिस्प्लेशिया’ या नावाने ओळखला जाणारा विकार मोठ्या जातीच्या कुत्र्यांत विशेषेकरून आढळतो. जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड या त्यांतील प्रमुख जाती होत. फैजपूर, सावदा, यावल या सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या केळीच्या पट्ट्यात घराच्या व मळ्याच्या राखणीसाठी मोठी कुत्री पाळणाऱ्यांना या विकाराची ओळख असणे अगत्याचे आहे. त्याचे वर्णन करताना ‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ ही विशेषणे पुष्कळदा एकाच अर्थाने योजिली जातात. या दोहोंतील भेद ध्यानात न घेतल्यास पिल्लाच्या आयुष्यातील उपचाराचा मोलाचा काळ निसटून जातो.

‘डिस्प्लेशिया’ या शब्दातील ‘डिस्’ हा ग्रीक उपसर्ग संस्कृत ‘दुस्’चा सगोत्र असून उत्तरपदाचा अर्थ ‘घडण’ असा आहे. मराठीत यास ‘खुब्याची सदोष घडण’ म्हणता येईल. खुबा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील खळग्यात फिरतो. या खळग्याचे लॅटिन नाव शिरका ठेवण्याच्या वाटीवरून पडले आहे. मराठीने तीच आकृती उखळीत पाहिली.

विकारग्रस्त होणाऱ्या पिल्लाचा हा सांधा जन्मसमयी बहुधा निर्दोष दिसतो. आईबापांकडून आलेली असते ती अनेक जनुकांवर अवलंबून असणारी प्रवृत्ती. पुढील काही आठवड्यांत सांध्याभोवतीचे बंध सैल पडतात, माथा खळग्यात घट्ट बसत नाही आणि कोवळी हाडे त्या सैल स्थितीतच आकार घेऊ लागतात. परिणामी खळगा उथळ राहतो, माथा चपटा होतो, कूर्चा झिजते व अखेरीस संधिवात जडतो. अर्थात विकाराची प्रवृत्ती आनुवंशिक असली, तरी प्रत्यक्ष दोष जन्मानंतर घडत जातो. म्हणूनच पिल्लू विकत घेताना ते नीट चालते, एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही. तसेच आईबापांत दोष असला म्हणून पिल्लाची आशा सोडण्याचेही कारण नाही.

पाळणाऱ्याने काही लक्षणांवर दृष्टी ठेवावी. धावताना मागचे दोन्ही पाय सशाप्रमाणे एकदम उचलणे, बसल्यावर उठताना कष्ट होणे, जिना टाळणे, मांड्या कृश होणे ही त्यांतील मुख्य होत. ती काही कुत्र्यांत पहिल्या वर्षातच, तर काहींत उतारवयात संधिवात बळावल्यावर प्रकट होतात. मात्र मणक्याचे विकार, गुडघ्याचा बंध तुटणे, गोचिडांमुळे होणारे ताप यांमुळेही कुत्रे मागच्या पायांनी अधू होते. ‘कंबर गेली’ असे म्हणून स्वस्थ न बसता कारण शोधले पाहिजे.

परीक्षेच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. ऑर्टोलानी या इटालियन बालरोगतज्ज्ञाने १९३७ मध्ये मानवी अर्भकांसाठी सांगितलेली चाचणी कुत्र्यांनाही लागू पडते; गुंगी देऊन मांडी हलविली असता निसटलेला माथा खळग्यात परत बसताना हाताला जाणवतो. दुसरी पद्धत म्हणजे पाय लांब ताणून घेतलेले क्ष-किरण चित्र. अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेली संस्था अशा चित्रांवरून प्रमाणपत्र देते. परंतु कायम प्रमाणपत्रासाठी कुत्रे २४ महिन्यांचे असावे लागते. तिसरी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पद्धत सांध्याचा सैलपणा अंकांत मोजते व ती १६ आठवड्यांच्या पिल्लावरही करता येते. अंक ०.३ किंवा त्याहून कमी आल्यास पुढे संधिवात होण्याचा संभव अल्प असतो. चित्रातील दोष आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. म्हणून उपचार ठरविताना चित्राबरोबर कुत्र्याची चालही पाहावी लागते.

व्यवस्थापनात आहार सर्वांत महत्त्वाचा. ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या २४ जोड्या करून त्यांचे आयुष्यभर निरीक्षण करण्यात आले. प्रत्येक जोडीतील एकास दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले जाई. कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांत खुब्याचा दोष व संधिवात कमी आढळला. त्यांचे मध्यक आयुष्यही १३ वर्षे भरले, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे, हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. हाडे बळकट व्हावीत म्हणून वाढत्या पिल्लाच्या समतोल आहारात कॅल्शियमची भर घालणे हितावह नसून अपायकारक आहे. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी. उड्या टाळून मर्यादित चालणे व शक्य तेथे पोहणे यांनी स्नायू बळकट राखावेत. माणसांची वेदनाशामक औषधे कुत्र्यास कदापि देऊ नयेत. त्यांतील काहींनी जठरास व मूत्रपिंडास गंभीर इजा होते.

शस्त्रक्रियांतही वयाला महत्त्व आहे. कटीच्या हाडाची वाढ वळविणारी एक शस्त्रक्रिया सुमारे २० आठवड्यांच्या आतच फलदायी होते. खळग्याची दिशा बदलणारी पहिल्या वर्षात, संधिवात जडण्यापूर्वी करावी लागते. त्यानंतर माथा काढून टाकणे किंवा कृत्रिम सांधा बसविणे हे मार्ग उरतात.

सारांश, ‘जन्मजात’ म्हटले की दोष पूर्ण झाला असे सूचित होते. ‘आनुवंशिक’ म्हटल्याने सावधगिरीस अवकाश राहतो. पिल्लू घेण्यापूर्वी आईबाप दोघांच्या खुब्यांची क्ष-किरण चित्रे मागावीत, आणि घरी आणल्यावर पहिले वर्षभर त्याचा आहार, वजन व चाल यांवर लक्ष ठेवावे.