मोबाईलवर दाढ भरायला शिकता येतं का?

दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतला घरी गेले होते. आमच्या पर्वत पाटियाच्या सोसायटीत शेजारच्या काकूंची दाढ दुखत होती. आईने त्यांना माझ्या मावसबहिणीचं नाव सुचवलं. ताई आता सुरतमध्येच एका क्लिनिकमध्ये दातांची डॉक्टर आहे. काकू जरा हसल्या आणि म्हणाल्या, "ती कोविड बॅचची ना हो? मोबाईलवर शिकलेली?"

ताई समोरच बसली होती. ती काहीच बोलली नाही. मला मात्र तो प्रश्न चिकटून राहिला. नंतर मी तिच्या मागे लागून सगळं विचारून घेतलं. त्यातून जे समजलं ते इथे मांडते.

बी.डी.एस. म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीराची आणि दातांची रचना शिकवतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पेशंट तपासायचे असतात. मधलं दुसरं वर्ष बरंचसं हात तयार करण्यात जातं. तेव्हा समोर पेशंट नसतो, 'फँटम हेड' असतं. म्हणजे खुर्चीला किंवा टेबलाला बसवलेलं नकली डोकं, त्याला रबरी गाल आणि आत प्लास्टिकचे दात. मार्च २०२० मध्ये ताई नेमकी याच वर्षात होती. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला. त्याच्या आदल्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या तिच्या कॉलेजचं होस्टेल रिकामं झालं आणि ती बॅग घेऊन सुरतला आली.

दातांच्या दवाखान्यांची तेव्हा वेगळीच अडचण होती. दात कोरायचं यंत्र, एअररोटर, मिनिटाला तीन-चार लाख फेऱ्या फिरतं. दात तापू नये म्हणून त्यातून पाण्याचा फवारा येतो. ते पाणी लाळेत मिसळून बारीक तुषार हवेत उडतात. डॉक्टरचा चेहरा पेशंटच्या तोंडापासून हातभरावर, आणि पेशंटला मास्क लावता येत नाही! त्यामुळे तातडीचे उपचार सोडून बाकीची कामं थांबवली गेली. पेशंट नाही, लॅब नाही. उरला तो मोबाईल.

आता मोबाईलवर काय जमलं? थिअरी जमली. एक्स-रे वाचणं, केसवर चर्चा करणं, हेही जमलं. एक गोष्ट तर आधीपेक्षा बरी झाली. एरवी सर डेमो दाखवतात तेव्हा दहा-पंधरा जण त्यांच्याभोवती गर्दी करतात. मागच्याला दात दिसतच नाही, पुढच्याचा ॲप्रन दिसतो. व्हिडिओत तोच दात स्क्रीनभर दिसायचा, आणि समजलं नाही तर पुन्हा मागे नेऊन बघता यायचं.

काय जमलं नाही, ते समजायला एक प्रयोग करून बघा. टेबलावर कागद ठेवा, समोर आरसा उभा करा. लिहिणारा हात थेट दिसणार नाही अशा बेताने वर एक पुस्तक धरा. आता फक्त आरशात बघून स्वतःचं नाव लिहा. हात उलटाच जातो ना? वरच्या दाढांवर काम करताना डॉक्टर बऱ्याचदा असंच छोट्या आरशात बघून काम करतो. शिवाय खड्डा साधारण दीड ते दोन मिलिमीटर खोल घ्यायचा असतो. जास्त गेला तर आतल्या नसेला धोका. हात घसरू नये म्हणून एक बोट शेजारच्या दातावर टेकवून ठेवायचं. किडलेला भाग मऊ लागतो, चांगला भाग कडक. हा फरक बोटांना कळावा लागतो. तो स्क्रीनमधून पोचत नाही.

ताईने घरी साबणाच्या वडीवर दाढा कोरल्या. खालची पहिली दाढ, तिची पाच टोकं. फोटो काढून ग्रुपवर टाकायची. सर आकार तपासायचे, पण हाताचा दाब किती होता हे फोटोत कसं दिसणार? आमच्या सुरतेत हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वराछाला हिरे घासणारा कारागीर व्हिडिओ बघून तयार होत नाही, घंटीवर बसूनच होतो.

परदेशात यावर यंत्रं निघाली आहेत. ॲमस्टरडॅमच्या दंतमहाविद्यालयाच्या सहभागाने तयार झालेल्या 'सिमोडोंट' या यंत्रात पडद्यावरचा दात कोरताना हाताला खराखुरा विरोध जाणवतो. पण तेही लॅबमध्येच बसवलेलं असतं. लॉकडाऊनमध्ये ते घरी कोण नेणार?

म्हणजे काकूंचं अगदीच चुकलं का? नाही. ताई स्वतःच म्हणाली, "कॉलेज उघडलं तेव्हा आमचे हात मागे होते गं." पण मग छोट्या बॅचेस करून, पीपीई किट घालून, घामाघूम होत त्यांनी ते काम भरून काढलं. पेशंट भीतीने कमी यायचे, म्हणून इंटर्नशिपमध्ये ती संध्याकाळी जास्त वेळ थांबायची. तिने केलेलं पहिलं फिलिंग खऱ्या माणसाच्या तोंडात होतं, आणि मॅडम शेजारी उभ्या होत्या.

मला वाटतं, 'कोविड बॅच' हा शिक्का मारण्यापेक्षा सरळ विचारावं: तुम्ही असं काम किती वेळा केलंय, आणि तेव्हा कोण बघत होतं? हा प्रश्न कुठल्याही बॅचच्या डॉक्टरला विचारता येतो, आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

काकू अजून ताईकडे गेलेल्या नाहीत. दाढेत लवंग धरून बसल्या आहेत. पुढच्या सुट्टीत मी त्यांना आरशाचा प्रयोग करायला लावणार आहे.